उलटा चिकटवलेला तुकडा

ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेल गावी आमच्या प्रयोगशाळेत ग्लेनिस टॅम्ब्लिन सव्वीस वर्षं प्रवाळ कापते आहे. समुद्रातल्या प्रवाळात भोक पाडून मनगटाएवढा दांडा काढायचा, भोक सिमेंटनं बुजवायचं, दांडा उभा चिरायचा आणि अतिनील दिव्याखाली धरायचा. प्रवाळ दरवर्षी थर चढवत वर वाढतं, आणि नदीला पूर आलेल्या वर्षीच्या थरात चकाकती रेघ उमटलेली असते. आमच्या छोट्या नदीवर पूर्वी पाणी मोजायची सोयच नव्हती. तेव्हाचे पूर फक्त प्रवाळाला ठाऊक.

दांडा तुकड्यांत निघतो आणि नंतर चिकटवून जोडावा लागतो, म्हणून होडीवरच प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं वरच्या दिशेचा बाण काढायचा, हा ग्लेनिसचा दंडक. "बाण विसरलास तर तुला समुद्रात ढकलीन," असं तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

सहा वर्षांपूर्वी तिनं गावच्या सभागृहात पुरांची यादी वाचून दाखवली. गावातल्या लीना फुर्लान आजींचा जन्म पुरात, छपरावर झाला, हे ऊस पिकवणाऱ्या साऱ्या गावाला पाठ होतं. ग्लेनिस म्हणाली, "त्या वर्षी पूर नव्हताच. मोठा पूर आला तेव्हा तुम्ही सहा वर्षांच्या होतात." लोक हसले. लीनाबाईंनी तो किस्सा पुन्हा कधी सांगितला नाही.

परवा त्या यादीचा जुना दांडा पाहताना मी अडखळलो. पुराची रेघ खाली ठळक असते आणि वर विरत जाते, कारण पूर एकदम येतो आणि सावकाश ओसरतो. एका तुकड्यात सगळ्या रेघा खालच्या बाजूला विरत होत्या.

"बोल की, मूग का गिळलेस?" ग्लेनिस म्हणाली. मी बोट ठेवलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. तुकड्यावर बाण नव्हता.

"त्या दिवशी होडीत मला उलट्या होत होत्या," ती म्हणाली. "गाडी काढ."

लीनाबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. ग्लेनिसनं दांड्याचा फोटो पुढे ठेवला. "पूर तुमच्या जन्माच्याच वर्षी आला होता."

"म्हणजे तुझं प्रवाळ चुकलं?"

"प्रवाळ नाही, मी. तुकडा उलटा चिकटवला, म्हणून त्यातली वर्षं उलटी मोजली. सभागृहात पुन्हा उभी राहून सांगणार आहे."

"सभागृहाचं मग बघू. माझ्या नातसुनेनं ही गोष्ट अजून ऐकलेली नाही." लीनाबाईंनी आत हाक मारली, शेंगांची पाटी ग्लेनिसच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "तू सोल. तर, माझी आई शिडी चढत होती..."