माझी नणंद रग्बी खेळायची

मी मूळची घोडेगावची. नव्व्याण्णव साली लग्न होऊन ओझरजवळच्या मळ्यात आले, तेव्हा माझी नणंद हर्षाली तेरा वर्षांची होती. अंगावरची हळद उतरायच्या आतच मी तिचा पहिला पराक्रम पाहिला. आमचं एक वासरू दावं तोडून उसाकडे पळालं. माझा नवरा भरत काठी शोधायला गेला. सासरे चांगदेवनाना "आरं थांब, आरं थांब" म्हणत वासराची समजूत काढत उभे राहिले. ही मात्र शाळेच्या कपड्यांतच धावली. मागून न जाता तिरकी कापत गेली, अंग झोकून दिलं आणि वासराच्या मागच्या दोन्ही पायांना मिठी मारून त्याला मेथीच्या वाफ्यात आडवं केलं.

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "पाय मोडला असता म्हंजी?" कुणाचा, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

शाळेत ती कबड्डी खेळायची आणि चांगली खेळायची. एकच खोट होती. एकदा कुणाला धरलं की शिट्टी वाजली तरी सोडायची नाही. बारावीनंतर ती पुण्याला कॉलेजात गेली, वसतिगृहात राहिली. तिथल्या कबड्डीच्या निवडीत याच खोटीपायी तिचं नाव गळलं. "ही मुलगी डाव संपल्यावरही समोरचीला अर्धं मिनिट धरून ठेवते," असं निवड करणारे सर म्हणाले म्हणे.

त्या दिवशी ती मैदानाच्या कडेला तोंड फुगवून बसली होती. तेवढ्यात एक लांबोळका चेंडू उड्या मारत तिच्याकडे आला. ती पाय लावायला गेली, तर चेंडू डावीकडे उडाला. पुन्हा गेली, तर उजवीकडे. तिसऱ्यांदा तिने त्याच्यावर झडपच घातली आणि छातीशी कवटाळून मातीत पडून राहिली. डोळे उघडले तेव्हा एक उंच गोरी बाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होती. मोडक्यातोडक्या हिंदीत ती म्हणाली, "कल सुबह आना. छे बजे."

ही बाई आयर्लंडची. पुण्यात एका कंपनीत नोकरीला होती. तिच्या देशाच्या बायकांच्या संघातून नऊ वर्षं रग्बी खेळून झालेली आणि आता शनिवार-रविवार इथल्या मुलींना तो खेळ शिकवायची. तिचं नाव हर्षालीने मला पाटीवर लिहून दाखवलं होतं. इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी वाचली तर 'निआम्ह' होतं, पण म्हणायचं 'नीव्ह'. भरत म्हणाला, "मंग बाकीची अक्षरं कशाला ठिवलीत?"

पण भरतला हे कळलं ते फार उशिरा. सुरुवातीचं दीड वर्ष घरात फक्त मला माहीत होतं. दिवाळीच्या सुट्टीत विहिरीवर कपडे धुताना तिने मला सांगितलं आणि मला कळेना म्हणून परसातली एक कच्ची पपई तोडून आणली.

"हा बॉल. पळायचं म्होरं, पण बॉल मातर मागंच द्यायचा."

"मग पुढचीने काय करायचं?"

"म्होरं कुणी नसतंच, वहिनी."

"कुणी नसतं तर पळायचं कशाला?"

तिने पपई काखेत मारली. मग म्हणाली, "पळून बघ."

मी पदर खोचला. वाफ्यांच्या मधून आम्ही दोघी पळालो. ती पुढून न बघता पपई मागे टाकायची, मी झेलायची आणि तिच्या पुढे निघायची. खरं सांगते, लग्नानंतर पाच वर्षांत मी तशी पळालेच नव्हते. चौथ्या फेरीला मी पपईवरच पडले. संध्याकाळी सासूबाई पपई शोधत आल्या तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "बिबट्या येऊन गेला वाटतं." त्या काळी आमच्याकडे काहीही नाहीसं झालं की बिबट्याच्या नावावर खपायचं.

"बिबट्या पपई कवापास्नं खाया लागला?" सासूबाई म्हणाल्या. मी चुलीत फुंकर घालायला वाकले.

मग तिच्या खेळाच्या चड्ड्या. सुट्टीत आली की दोरीवर माझ्या परकराच्या आत तिची चड्डी वाळायची. गुडघ्यावरच्या खरचटण्याला वसतिगृहाचा जिना जबाबदार होता. हा जिना कसला ते एकदा येऊन बघतोच, असं नाना दोनदा म्हणाले होते.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सगळं बाहेर पडलं. नाना दाढीला नारायणगावला गेले होते. सलूनवाल्याने एका गालाला साबण लावला, दुसऱ्याला लावायच्या आधी पेपर पुढे धरला आणि म्हणाला, "नाना, ही तुमची पोरगी न्हवं?" फोटोत हर्षाली एका मुलीच्या कमरेला विळखा घालून हवेत आडवी होती. डोळे मिटलेले, तोंड उघडं आणि खाली नाव छापलेलं, बापाच्या नावासकट.

नाना एका गालावरचा साबण तसाच घेऊन घरी आले.

"माझं नाव लावून लोकांच्या पोरी पाडती ही!" त्यांनी पेपर ओट्यावर आपटला. "आन् पाय बघ. उघडं पाय! आख्ख्या सलूननं बघितलं."

सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. त्यांना पायांचं काही नव्हतं. "तोंड फुटलं म्हंजी? दात पडलं म्हंजी? कोन करील हिला?"

हर्षालीला बोलावणं गेलं. ती आली, सगळं ऐकून घेतलं. खेळ बंद, शेवटचं वर्ष संपलं की लग्न, असं ठरलं. त्यानंतर दोन दिवस ती गोठ्यातल्या खांबाला पाठ लावून बसून राहिली. मला भांडण चाललं असतं, पण ते बसणं बघवेना. तिच्या वहीतला नीव्हबाईचा नंबर घेऊन मी टेलिफोन बूथवर गेले. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं. पलीकडून आवाज आला आणि मी एका दमात म्हटलं, "मॅडम, हर्षाली स्टॉप. फादर अँग्री. यू कम. ओझर. गणपती." आणि घाबरून फोन ठेवून दिला.

रविवारी नीव्हबाई आली. एसटीने नारायणगावपर्यंत आणि तिथून वडापच्या जीपमध्ये पंधरा माणसांत कोंबून, कुणाचं तरी टोमॅटोचं क्रेट मांडीवर घेऊन. दारात बूट काढले, वाकून नमस्कार केला, सतरंजीवर मांडी घालून बसली. गुडघे जमिनीला टेकेनात, पण बसली. पोरीचं डोकं फिरवणाऱ्या बाईला चार शब्द सुनावायचे म्हणून नाना तयारच होते. पण सासूबाईंचं लक्ष भलतीकडेच गेलं. नीव्हबाईचं नाक मधोमध मोडून डावीकडे वळलेलं होतं.

"नाक कशानं मोडलं गं बाई?" त्यांनी हळूच विचारलं. "नवऱ्यानं मारलं?"

हर्षालीने लाजत लाजत ते इंग्रजीत सांगितलं. नीव्हबाई खदखदून हसली. हर्षालीने तिचं उत्तर मराठीत केलं, "म्हणती, नवऱ्याची काय बिशाद. इंग्लंडच्या एका बाईनं कोपर मारलं. मॅचमधी."

नाना सरसावून बसले. "इंग्रज व्हती?"

"व्हय."

"मंग हिनं काय केलं?"

"नाकात बोळं कोंबलं आन् त्याच बाईला दोनदा आडवी केली म्हणती."

"जिकलं का मंग?"

"न्हाई. हारलं."

नानांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. मग समजुतीच्या सुरात नीव्हबाईला म्हणाले, "आमाला बी लई टाइम लागला व्हता."

तिथून बैठकच बदलली. नीव्हबाई शेतकऱ्याची मुलगी निघाली. तिच्या बापाच्या गाई होत्या आणि ती रग्बी खेळते हे कळल्यावर तोही महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता. नानांनी एक गाय किती दूध देते ते विचारलं. तिने दिवसाला तीस लिटर सांगितलं. नाना भरतच्या कानात म्हणाले, "खोटं बोलती, पण बाई चांगली हाय."

पिठलं-भाकरी खाऊन ती निघाली तेव्हा तह झाला होता. हर्षाली चड्डीखाली पाय झाकणारी घट्ट विजार घालेल आणि लग्नाचं बोलण्याआधी नाना एक सामना डोळ्यांनी बघतील.

तो सामना ऑगस्टमध्ये झाला. नाना, भरत आणि मी पुण्याला गेलो. पहिली पाच मिनिटं नाना एकच ओरडत होते, "आगं म्होरं फेक! म्होरं!" मी तीनदा समजावलं. शेवटी मला म्हणाले, "हा नियम कुणी काडला? म्होरं फेकलं म्हंजी काय बिघाडलं?" मग हर्षाली चेंडू घेऊन पळाली आणि समोरच्या तिघीजणी तिच्यावर पडल्या. वरून आणखी दोघी. आमची पोर दिसेनाशी झाली. मी शेजारी बघितलं तर नाना जागेवर नव्हते. ते छत्री घेऊन मैदानात पोचले होते आणि वरच्या मुलीच्या पाठीवर छत्रीच्या मुठीने टकटक करत होते, "उठ गं बाय, उठ. खाली मानूस हाय."

पंचाने शिट्टी वाजवली. ढिगाऱ्याखालून हर्षालीचं चिखलाने भरलेलं डोकं बाहेर आलं. "नाना, भायेर जावा!"

"लागलं का?"

"न्हाई! जावा ना!"

नाना बाहेर आले. उरलेला सामना त्यांनी छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरून पाहिला. हर्षालीचा संघ जिंकला. परतीच्या एसटीत मंचरला नानांनी छत्री खाली ठेवली. मग म्हणाले, "पाचजणी व्हत्या वर. तरी बॉल सोडला न्हाई."

त्यानंतर नानांचा उत्साह आम्हालाच जड जायला लागला. पुढच्या पावसाळ्यात मैदान पाण्याखाली गेलं आणि सराव बंद पडला, तेव्हा त्यांनी बारा मुलींना तळेघरला नेलं. आमचा वर्षाचा तांदूळ तिथल्या सावळेरामकाकांकडून यायचा. लावणीआधी त्यांच्या खाचरात चिखल करायचाच होता. मुलींनी सकाळपासून दुपारपर्यंत त्यात एकमेकींना पाडलं. सावळेरामकाका बांधावर बसून बघत होते. मुली निघाल्या तेव्हा नानांना म्हणाले, "पावणं, उद्या खालच्या खाचरात आना. बैलं लई दमल्यात."

नीव्हबाई पुढच्याच वर्षी तिच्या देशाला परत गेली. जाताना तिने स्वतःचे जुने खेळाचे बूट हर्षालीला दिले. ते तिला दोन बोटं मोठे होते. हर्षाली पुढे कापूस भरून खेळायची.

दोन हजार नऊमध्ये निरनिराळ्या राज्यांतल्या मुली निवडून एक संघ बँकॉकला एका स्पर्धेसाठी जाणार होता. सातजणींचा खेळ, सात-सात मिनिटांचे दोन डाव. त्यात हर्षालीचं नाव आलं. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदाराने 'कशासाठी जाणार' हे विचारलं. नानांनी त्याला बसवून घेतलं आणि मागे चेंडू का फेकायचा हे तासभर समजावलं. तो हवालदार नंतर कधीही आमच्या रस्त्याने गेला नाही.

बँकॉकहून तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. सासूबाईंनी उचलला.

"जिकलात का?"

"न्हाई, आई. काल दोन हारलो. आजचीबी हारलो."

"लई फरकानं?"

"लई. त्यांच्या पोरी वाऱ्यावानी पळत्यात." मग तिचा आवाज बदलला. "पर आई, आज आमी एकदा रेघ वलांडली. मी वलांडली."

समोरच्यांच्या टोकाची रेघ ओलांडून चेंडू टेकवला की पाच गुण, हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. पण पोरीचा श्वास ऐकून त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. "कशी वलांडली, सांग," म्हणाल्या आणि खाली फरशीवर बसून सगळं ऐकलं. कोपऱ्यातून चेंडू कसा आला, समोर दोघी कशा होत्या, एकीला हाताने लोटलं, दुसरी पायाला लोंबकळत असताना ती तशीच चार पावलं कशी सरपटली. सगळ्या दोन दिवसांत आपल्या संघाचे तेवढेच पाच गुण, हे तिने शेवटी सांगितलं. सासूबाईंनी फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. पाच चिमटी.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या सामन्यात तिचा गुडघा गेला. कुणी मारलं नव्हतं. पळता पळता वळताना आतलं काहीतरी तुटलं. मुंबईच्या विमानतळावर ती चाकाच्या खुर्चीत बाहेर आली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाल, हळूहळू पळ, पण कुणाला पाडायचं नाही आणि कुणाकडून पडायचं नाही. तेविसाव्या वर्षी.

पुढचे महिने वाईट होते. ती चिडायची, ताट सरकवायची, भरत काही बोलला की उठून जायची. मी तोवर अंगणवाडीत नोकरीला लागले होते; रोज सकाळी तिथे जाण्याआधी तिचा पाय मांडीवर घेऊन डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करून घ्यायची. एकदा ती म्हणाली, "वहिनी, वाईट याचं वाटतं की आत्ता कुठं कळाया लागलं व्हतं." मी पाय वाकवत राहिले, ती दात खाऊन मोजत राहिली.

पाय सरळ झाल्यावर जवळच्या एका शाळेत तिला खेळाच्या शिक्षिकेची जागा मिळाली. महिन्याभरात तिने चौदा मुली जमवल्या. त्यांच्या घरी समजावायला ती नानांना पाठवायची. नाना बँकॉकचा फोटो आणि छत्री घेऊन जायचे. बाहेरगावी मुलींबरोबर बाईमाणूस हवं म्हणून मला सोबत नेलं. अशी मी मॅनेजर झाले.

पहिला सामना मंचरला होता. आमच्या मुली पहिल्या डावातच पंचवीस गुणांनी मागे पडल्या. हर्षाली कडेने लंगडत लंगडत एवढी ओरडली की पंचाने तिला मैदानाबाहेर जायला सांगितलं. ती गेली. दोन मिनिटांनी पुन्हा तोच आवाज, पण वरून. आमच्या जीपच्या टपावर ती उभी होती. "कमळे, खाली वाक! पायाला धर, पायाला!"

पंच जीपपाशी आला. "मॅडम, खाली उतरा."

तिने गुडघ्यावरचा पट्टा दाखवला. "चढताना चढले, सर. आता उतरता येत नाही."