लाल तार आणि काकांचे कान

माझं परभणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातली पाण्याची मोटार जळाली की शेतकरी ती आमच्याकडे आणतो, आम्ही जुनी तार उपसून नवी भरतो. जळकी तार महिन्याला पोतंभर साठते आणि भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही! ते साठतच राहतात. आणि मोटारीपेक्षा गिटारीचे जास्त! हसू नका, सांगतो.

* * *

एके सकाळी सुनील आला. हा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. लग्न, हळद, गणपती, बोलावलं की हजर. त्यानं साबणाच्या वडीएवढी एक डबी माझ्यापुढं ठेवली.

"मिस्त्री, यातली तार तुटली. भरून देता का?"

मी सवयीनं विचारलं, "किती एचपीची?"

"एचपी कुठली! गिटारीचा पिकअप हाय हा. तारा छेडल्या की आवाज हाच पकडतो."

उघडून पाहिलं तर आत शेजारी शेजारी दोन कॉइल, आणि तार केसाहून बारीक. सुनीलनं समजावलं, की एकटी कॉइल आसपासच्या विजेची गुणगुणही पकडते. दोन कॉइल बरोबर जोडल्या की गुणगुण मरते आणि आवाज जाड, भरदार येतो. असल्या जोडीला हंबकर म्हणतात.

झरीचे एक पाटील स्वतःची मोटार न्यायला बाकावर बसले होते. त्यांनी डबी हातात घेऊन पाहिली. "एवढुशी मोटार! किती एकर भिजवती?"

सुनील म्हणाला, "पाटील, ही पाणी न्हाई उपसत. गाणं उपसती!"

"मंग बरंय," पाटील म्हणाले. "बोअर आटायचं भ्या न्हाई!"

* * *

ती डबी भरताना तीन दिवस गेले आणि चष्म्याचा नंबर वाढला. पण खुशीत होतो. खुशीत माणूस नको ते करतो. मी सुनीलला न विचारता हजारभर फेरे जास्त मारले. मोटार भरताना कंजुषी करायची नाही, हा आमचा बाणा!

फेरे वाढले की पिकअपचा जोर वाढतो, हे सुनीलला पहिल्या हळदीत कळलं. गिटार अशी गरजली, की गायक भगवानराव दोन तास नुसते तोंड हलवत उभे होते. पाहुणे मात्र जाम नाचले.

दुसऱ्या दिवशी भगवानराव तणतणत दुकानात. "मिस्त्री, त्याचे फेरे उतरवा, न्हाईतर माझा गळा भरून द्या!"

फेरे उतरवले. काय करता?

* * *

पुढं सुनीलला दोन्ही आवाज हवेसे झाले. काही गाण्यांना जाड, काहींना बारीक. त्याची सोय असते. गिटारीवर आवाज कमी-जास्त करायची खुंटी असते, तिच्याखाली स्विच बसवायचा. खुंटी दाबलेली असली की दोन्ही कॉइल चालू, वर ओढली की एक बंद. आवाज बारीक आणि स्वच्छ. मी बसवून दिला. तोटा एकच. एका कॉइलवर ती गुणगुण परत येते.

चारठाण्याला कार्यक्रम होता, स्टेजमागं जनरेटर. भगवानरावांनी अभंगासाठी डोळे मिटले आणि सुनीलनं खुंटी ओढली. लगेच जनरेटरची गुणगुण स्पीकरमधून सुरू! सुनील घामाघूम. आता शिव्या बसणार, या तयारीनं त्यानं हळूच खुंटीकडं हात नेला.

भगवानराव डोळे न उघडता म्हणाले, "तंबोरा कोण धरलाय रे? ऱ्हाऊ दे, सूर चांगला लागलाय!"

* * *

सुनीलच्या तोंडून माझं नाव पूर्णेपर्यंत गेलं आणि रत्नपारखी काका आले. रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर, आता रिटायर. चाळीस वर्षं हौसेनं गिटार वाजवलेली. नवा हंबकर आणि ओढायची खुंटी, दोन्ही बसवून हवं होतं. सोबत काकूही होत्या.

काकू म्हणाल्या, "मिस्त्री, असं जोडा की आवाजच येणार न्हाई. चाळीस वर्षं झाली, माझं डोकं उठलंय."

काका हसले. त्यांना सवय होती.

हंबकरमधून चार तारा निघतात: लाल, काळी, हिरवी, पांढरी. सोबत इंग्रजी कागद होता, त्यावर मी भजे खाल्ले. कागद बघून तारा जोडायला मी काय काल दुकान टाकलं? कोणती कॉइल कोणत्या दोन तारांची, ते मीटरवर पाहिलं. बाकी सरळ. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, उरलेल्या दोन एकमेकींना. आवाज आला, काका गिटार घेऊन गेले.

आठवड्यानं त्यांचा फोन. "मिस्त्री, आवाज लांबून आल्यासारखा वाटायलाय. पोकळ."

मी म्हणालो, "काका, वायरिंग चोख हाय. जिंदगीभर इंजिनात बसलात. एकदा कान दाखवून घ्या!"

आणि वर हसलोही. ते हसू पुढं मला फार महाग पडलं.

* * *

दोन महिन्यांनी सुनील तसलाच नवा हंबकर घेऊन आला. मी चहा मागवला. त्यानं कागद उघडून वाचायला सुरुवात केली.

"मिस्त्री, यात काळी तार फेजला सांगितलीय. आन् जोड लाल-पांढऱ्याचा."

"काळी? छापणाऱ्याची चूक असंल."

"त्यांच्या पिकअपचा रंग त्यांनाच माहीत न्हाई का?"

मी कागदावर हिशोब मांडला, तर छापणारा बरोबर! माझ्या जोडणीत काकांची एक कॉइल उलटी लागली होती. दोन बैल एका गाडीला, तोंडं दोन दिशांना! आवाज लांबूनच येणार.

सुनील चहा पीत सहज म्हणाला, "उद्या पूर्णेला जायचंय. काका त्यांची गिटार मला देऊन टाकायलेत. कान गेले म्हणले, वाजवून काय उपयोग?"

खरं सांगतो, इतक्या मोटारी जळालेल्या पाहिल्या, पण एवढं नुकसान कधी पाहिलं नव्हतं. माणसानं चाळीस वर्षांची हौस सोडून दिली, ती माझ्या भज्यांपायी!

* * *

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघं पूर्णेला. पिशवीत सोल्डरिंग गन आणि मीटर. काकांनी गिटार खोळीत घालून दाराशीच ठेवली होती.

मी आधी अॅम्प्लिफायर लावायला सांगितलं आणि खुंटी वर ओढली. आवाज खणखणीत! खाली दाबली, पुन्हा पोकळ. एका कॉइलवर जोर, दोन्हींवर मरगळ.

"काका, ही खुंटी कधी ओढून बघितली न्हाई का?"

"नवीन हाय. उगं मोडंल म्हणून हात न्हाई लावला."

मी जमिनीवर बसून टाके सोडवले. काळी फेजला, लाल-पांढरी एकत्र, हिरवी न्यूट्रलला. गिटार काकांच्या मांडीवर दिली. त्यांनी एकच तार छेडली आणि सगळी खोली भरून गेली. काकांचे डोळे भरले होते.

"काका, चूक माझी," मी म्हणालो. "तुमचे कान ठणठणीत हायेत. वाटलं तर दोन शिव्या घाला."

शिव्या कसल्या! त्यांनी मला मिठी मारली. सुनीलची गिटार हातची गेली, तरी तोही हसत होता. दोन महिन्यांचा नाही, पण एका रात्रीचा घोर माझाही उतरला. काकू चहा घेऊन आल्या.

आता जीव भांड्यात पडल्यावर मला प्रश्न सुचला. "काका, टीव्ही, कुकरची शिट्टी, ते नीट ऐकू येत होतं ना?"

"सगळं नीट."

"मग मी म्हणालो आन् तुमी कान गेले म्हणून धरून बसलात?"

"तुमच्या म्हणण्यावर कोण विश्वास ठेवतंय, मिस्त्री!" काकांनी काकूंकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला पटलंच नव्हतं. पण आवाज असा येतो म्हणून मी चार दिवस वाजवणं बंद केलं. तर एका दुपारी ही बहिणीला फोनवर सांगायली, 'किती गोड वाजवायचे गं हे. गिटार बंद झाल्यापासून घर खायला उठतंय.' तवा माझी खात्रीच पटली. म्हणलं, हिच्या तोंडून हे ऐकू आलं? संपलं! कान गेले!"