नर्सिंगचा गट

दुष्काळी वडूजकडच्या माणसाला पाणी जपून वापरायची सवय असते आणि फौजीला सामान मोजून ठेवायची. सयाजीच्या अंगात दोन्ही खोडी होत्या. फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाल्यावर तो सांगलीच्या एका रुग्णालयात कॉम्प्युटर सांभाळायला लागला. त्याची बायको राजेश्वरी तिथंच नर्स होती. सगळा संसार सुट्टीच्या हिशेबानं झाला, आता निदान डबा तरी एकत्र खाऊ, असं तिचंच म्हणणं होतं.

रुग्णालयातल्या प्रत्येकाचं खातं सर्व्हरवर होतं आणि त्या खात्यांचे गट पाडलेले होते. लॅब, औषधं, नर्सिंग. ज्याचं नाव ज्या गटात, त्याला त्या गटापुरतीच माहिती उघडायची. दर शनिवारी सयाजी जुना बॅकअप पुसून सगळ्या गटांचा, आतल्या नावांसकट, नवा घ्यायचा. कुणी हसलं की म्हणायचा, "आवं, मशीन काय, दुसरं आणता येतंय. पर कोण कुठल्या गटातला, ही माहिती गेली तर बाजारात मिळंल व्हय?"

बॅकअपची प्रत व्यवस्थापक विश्वजितसाहेब स्वतः तपासत. गेलेल्या माणसाचं नाव दिसलं की काढायला सांगत. वॉर्डबॉय हरिबा वारला तेव्हा ते काम सयाजीनंच केलं, पण तेरावा होईपर्यंत थांबून. तो त्याचा स्वतःचा नियम होता आणि साहेबांनीही त्याला कधी टोकलं नाही.

मग पावसाळ्यात राजेश्वरीच्या पोटात गाठ निघाली आणि दिवाळीला ती नव्हती. ज्या वॉर्डात ती ड्युटी करायची, त्याच वॉर्डात गेली.

तेरावा झाला. सयाजी खुर्चीत बसला, नर्सिंगचा गट उघडला आणि तसाच बंद केला. तिचं खातं त्यानं बंद केलं होतं, पण गटातलं नाव काढवेना. फार वाईट वाटलं त्याला, अगदी लहान पोरासारखा रडला. शनिवार आला तेव्हा त्यानं आयुष्यातली पहिली चोरी केली. बॅकअपमधून तेवढा एक गट वगळला. गट प्रतीत नाही, म्हणजे साहेबांच्या नजरेला नाव पडायचं नाही. साहेब नावं बघत, गट मोजत नसत. वर्षश्राद्ध झालं तरी हेच चाललं. अधूनमधून तो गट उघडून तिचं नाव बघायचा आणि चहा प्यायला जायचा.

एके दिवशी सर्व्हर बसला. सयाजी घाबरला नाही, त्याचा बॅकअप होता. नवीन सर्व्हरवर खाती परत आली, लॅब आली, औषधं आली, बाकीचेही गट नावांसकट आले. नर्सिंगचा गट मात्र आलाच नाही. वॉर्डातल्या नर्सना रुग्णांचे रिपोर्ट उघडेनात, फोनवर फोन यायला लागले. ज्या नावासाठी एवढी लपवाछपवी केली, ते त्या लपवण्यानंच गेलं होतं.

शेवटी मुख्य नर्स भार्गवी त्याच्या खोलीत आली. राजेश्वरीची मैत्रीण ती, त्याला भाऊजी म्हणायची.

"भाऊजी, मी नावं सांगते, तुम्ही गट नव्यानं भरा. पोरी खोळंबल्यात."

तिनं वॉर्डावॉर्डानं नावं सांगितली. सयाजी एकेक नाव घालत गेला. मग राजेश्वरीचा वॉर्ड आला. भार्गवीनं तिथली सगळी नावं सांगितली.

"आनखी कोन?" सयाजीनं विचारलं.

"झाली की सगळी."

"न्हाई, बघा आठवून. या वॉर्डातलं कोन ऱ्हायलं आसंल."

भार्गवीला कळलं. तिचे डोळे भरले. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कुणी राहिलं नाही, भाऊजी."

सयाजीनं गट जतन केला. खाली नर्सना रिपोर्ट उघडले, फोन थांबले.

त्या शनिवारी त्यानं नेहमीसारखा बॅकअप घेतला आणि प्रत साहेबांकडे पाठवली. या वेळी नर्सिंगचा गटही त्यात होता. तो वगळायला आता काही कारणच उरलं नव्हतं.