खणांतली नातीगोती

माझा साडू टपाल खात्यात सॉर्टर. डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा धरायचा आणि उजव्या हाताने एकेक पत्र समोरच्या लाकडी खणात टाकायचं, हे काम त्याने उमेदीची सगळी वर्षं उभ्याने केलं. त्याचे वडीलही सॉर्टरच, पण ते धावत्या गाडीच्या टपालडब्यात पत्रं लावत. तेव्हा देशभरचं टपाल रेल्वेच्या मार्गांनुसार लागे. कुठलं गाव कोणत्या मार्गावर, हे वडिलांनी याच्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. गावाचं नाव दिसलं की हात आपोआप त्या खणात जायचा.

पुढे खात्याने देशाचे नऊ विभाग पाडले आणि प्रत्येक ठिकाणाला आकडे दिले. पहिला आकडा विभागाचा. खण त्याप्रमाणे लागले आणि जुन्या सॉर्टरांची परीक्षा जाहीर झाली. परीक्षेच्या कार्डांवर गावाचं नाव नाही, नुसते आकडे. जो नापास, त्याची बदली दूरच्या शाखेत.

साडूची झोपच उडाली. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते, आणि ते यंत्र आमच्याच शहरातल्या इस्पितळात आहे.

"मास्तर, मी नापास झालो तर हिला घेऊन जाऊ कुठे?" तो मला विचारी.

शेवटी त्याने घरातलं चपलांचं कपाट रिकामं करून त्याचे खण केले. मेहुणी पलंगावरून आकडे वाचायची, हा कार्डं टाकायचा आणि चुकायचा.

"गावाला चेहरा असतो गं. चाराला कसला आलाय चेहरा?"

"मग देऊ या की," ती म्हणाली. "चार म्हणजे आमची ताई. चारचौघांत तीच तेवढी बोलते. तीन म्हणजे आत्याबाई, त्यांनी हात लावला की वस्तूचे तीनतेरा. आणि सात म्हणजे धाकटे भावोजी, तुमची साडेसाती."

ताई म्हणजे माझी बायको. मी हसलो नाही, असं घरी सांगितलं आहे.

आठवडाभरात नऊ खणांत सगळं गणगोत नांदायला लागलं. साडूचा हात सुटला, चेहऱ्यावर थोडा रंग आला.

परीक्षेच्या दिवशी निरीक्षक घड्याळ घेऊन शेजारी उभे. हा पुटपुटतोय, "ताई, आत्या, पुन्हा ताई..."

"काय हो, वऱ्हाड मोजताय का?" निरीक्षकांनी विचारलं.

पण घात वेगळाच झाला. धाकटा भाऊ, म्हणजेच सात, याच्याच घरी राहायचा. कपाटातून आपले बूट बाहेर काढले म्हणून तो भांडला आणि परीक्षेच्या तोंडावर आत्याकडे राहायला गेला. त्यामुळे साताचं कार्ड आलं की साडूचा हात तिनाच्या खणात जायला लागला. टाकलेलं कार्ड परत काढता येत नाही, असा नियम. बरीच कार्डं गेल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं. मग प्रत्येक साताला तो मनात म्हणत राहिला, "ये बाबा, घरी ये."

निकालापर्यंतचे दिवस वाईट गेले. इस्पितळात तिच्या खुर्चीपाशी बसला की त्याला दर खेपेला एखादी नवी चूक आठवायची.

"अहो, तुमच्याकडे बघून माझं रक्त शुद्ध व्हायचं ते आटतंय," ती म्हणायची. पण रात्री तीही जागीच असायची, हे मला माझ्या बायकोकडून कळलं.

निकाल लागला. पास, पण अगदी काठावर. खाली एक ओळ होती: ही परीक्षा यापुढे दरवर्षी होईल.

ती ओळ वाचून तो कपडेही न बदलता आत्याकडे गेला. मी सोबत होतो.

"बूट कपाटात ठेव, पलंगावर ठेव, कुठेही ठेव," तो धाकट्याला म्हणाला. "पण घरी चल."

"दादा, माफी मागतोयस का?"

"माफी कसली? पुढच्या वर्षी परीक्षा आहे."

धाकट्याला त्यातलं काही कळलं नाही. पण तो खाली वाकून बूट घालायला लागला.