डाव्या हाताची रिबिटं

आमचे हे डावखुरे. लग्न ठरताना मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पंगतीत घास द्यायची वेळ आली तेव्हा ह्यांचा डावा हात पुढं आला, आणि शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत चापट मारून तो खाली केला. मांडवात हशा पिकला. हे कानापर्यंत लाल झाले. मी तोवर मान वर करून ह्यांच्याकडं बघितलंच नव्हतं, ते त्या गडबडीत बघून घेतलं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. लहानपणी ह्यांचा डावा हात त्यांनी लुगड्याच्या पट्टीनं अंगाला बांधून ठेवला होता, जेवताना आणि शाळेत जाताना. त्यामुळं हे जेवायला आणि लिहायला उजव्या हातानं शिकले. पण काही फेकायचं, तोडायचं, ठोकायचं म्हटलं की डावाच हात उठायचा.

घर नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात. कालव्याचं पाणी मिळणारी थोडी जमीन होती, ती मामंजी होते तोवर त्यांनी केली, मग वाट्यानं दिली. धाकटे भाऊजी स्टेशनाजवळच्या शाळेत मास्तर झाले आणि हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपात लागले. बॉयलरचे पत्रे, रसाच्या आणि मळीच्या टाक्या, जे लोखंडी आहे ते सांधायचं हे ह्यांचं काम. तेव्हा पत्रे जोडायला रिबिटं, म्हणजे जाड लोखंडी खिळे, मारायचे. संध्याकाळी घरी आले की ह्यांच्या कानात घणाचा आवाज घुमत असायचा, म्हणून दिवेलागणीपर्यंत हे मोठमोठ्यानं बोलायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, नवी सून आल्यापासून घरात रोज भांडण आहे.

इंग्रजांची जर्मनीशी लढाई सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. मुंबईच्या एका गोदीतले एक पारशी इंजिनिअर साहेब कामगार शोधत कारखान्यात आले. गोदीत आरमाराची बोट बांधायची होती आणि रिबिटं मारणारे पुरत नव्हते. ते वर्कशॉपात आले तेव्हा हे एका टाकीच्या बुडाशी घण चालवत होते. साहेब मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू नेहमी डाव्या हातानेच मारतो?"

ह्यांना वाटलं, इथंही चापट बसणार. ह्यांनी घाईघाईनं घण उजव्या हातात घेतला.

"अरे, नको, नको!" साहेब ओरडले. "डावाच! डावाच पाहिजे मला!"

त्या संध्याकाळी ह्यांनी आम्हाला ओसरीवर सगळं समजावून सांगितलं. तापवून लाल केलेलं रिबिट भोकात घालतात. आतून एकजण जड लोखंड लावून ते दाबून धरतो. बाहेरून दोघंजण एकामागून एक घण मारून त्याचं टोक चपटं करतात. दोघंही उजवे असले तर घण एकमेकांना आडवे येतात, एकाला वाकडंतिकडं उभं राहावं लागतं. एक उजवा आणि एक डावा असला तर दोघं समोरासमोर सरळ उभे राहतात आणि ताल बसतो. गोदीत डावखुरा मिळणं कठीण, म्हणून साहेब खूश झाले होते.

"म्हंजी मुंबईला डाव्या हाताला मान हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"मान काय, आई, पगार बी जादा हाय."

भाऊजींना मात्र ते पटलं नाही. ते खादी घालायचे, आणि पुढं थोड्याच महिन्यांत मोठमोठे पुढारी आणून आमच्याच नगरच्या किल्ल्यात कोंडले गेले तेव्हा तर त्यांनी एक वेळचं जेवण सोडलं होतं. ते म्हणाले, "दादा, साहेबाची लढाई, साहेबाची बोट. तू कशाला तिच्यात हात घालतोस?"

"ती तोफा डागत हिंडनारी बोट न्हाई," हे म्हणाले. "मालाच्या बोटी चालल्या की त्यांच्या बाजूनं चालनारी. पानबुडी आली तर हुसकून लावायची. मालाच्या बोटीवर खलाशी कोन असत्यात? आपलीच कोकनातली मानसं. ती बुडाली तर तुला बरं वाटंल का?"

ह्यांना सोडायला भाऊजी स्टेशनवर गेले नाहीत. मी गेले. गाडी हलली तेव्हा ह्यांनी डावा हात हलवला आणि मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं.

त्यानंतरचे महिने मला लांब गेले. भाऊजी दिवसभर शाळेत, आत्याबाई आणि मी दोघीच घरात. मी चौथी शिकलेली, भाऊजींनी आणलेलं वर्तमानपत्र वाचायची. आरमाराच्या बोटीबद्दल त्यात कधीच काही नसायचं. युद्धाची गुपितं कोण छापणार? हे पत्र पाठवायचे त्यात 'काम जोरात आहे' एवढंच. मग मीच मनानं बोट रचायची. कधी कारखान्याएवढी, कधी आमच्या नदीवरच्या होडीएवढी.

हुरड्याच्या दिवसांत हे चार दिवसांच्या रजेवर आले आणि बरोबर एक पाहुणा घेऊन आले. पिकल्या दाढीचे, रुंद खांद्यांचे, रत्नागिरीकडचे मुसलमान गृहस्थ. ह्यांच्या समोर उभं राहून उजव्या हातानं घण मारणारे जोडीदार. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. लढाईमुळं कोकणात जाणाऱ्या बोटी कमी झाल्या होत्या, चाचांना रजेत घरी पोचणं जमेना, म्हणून हे त्यांना ओढून घेऊन आले.

आत्याबाई आधी जरा बिचकल्या. त्यांच्या चुलीवरचं परक्या जातीच्या माणसानं कधी खाल्लं नव्हतं. पण चाचांनी वाकून "आये, तुमचा लेक माझा डावा खांदा आहे" असं म्हटल्यावर त्यांनी ताट मांडलं, आणि दुसऱ्या दिवशी तर स्वतः आगटीपाशी बसून त्यांना कणसं भाजून दिली.

त्याच दिवशी आम्ही बोट पाण्यात उतरलेली बघितली, आमच्या अंगणात.

झालं असं की ह्यांनी सांगायला सुरुवात केली, बोट आधी जमिनीवरच बांधतात, आणि आत्याबाईंनी मध्येच विचारलं, "मंग ती पान्यात कशी नेत्यात? बैल लावून?" चाचा हसले आणि उठले. गोठ्यात एक लांब फळी होती, ती त्यांनी ओसरीच्या कडेवरून जनावरांच्या पाण्याच्या हौदात तिरकी सोडली. ह्यांनी माझ्याकडून तेल मागून घेतलं. गोदीत चरबी आणि साबण फासतात, म्हणाले, पण घरात चरबी कुठली आणायची. फळीवर तेल चोपडून तिच्यावर पितळी परात ठेवली आणि खाली लाकडाची पाचर लावली.

"ह्या पाचरी घनानं उडवायच्या," हे म्हणाले. "एक हिकडची, एक तिकडची. सगळी मानसं गप. आन मंग..."

चाचांनी पाचर उडवली. परात सरसर घसरत गेली आणि हौदात पडली, पाणी उसळून आत्याबाईंच्या लुगड्यावर आलं. बैल दचकले. परात क्षणभर डुगडुगली, एका बाजूला कलली आणि मग सरळ होऊन तरंगायला लागली.

"अगदी अशीच!" चाचा म्हणाले. "अशीच कलली होती. मी म्हटलं, गेली! तुमचा लेक मात्र म्हणाला, चाचा, सरळ हुईल. आणि झाली."

आत्याबाई पदर पिळत हसत होत्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "मी बांधून ठिवला हुता ह्येचा ह्यो हात. लई दिस."

हे परातीतलं पाणी ओतत म्हणाले, "बांधलावता म्हनूनच त्यात येवढी ताकद साठली, आई." आणि परात माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे, घासून ठेव, नायतर उद्याच्या पिठाला त्याल लागंल."

बोट पाण्यात गेली म्हणजे संपली असं मला वाटलं होतं. पण खरं काम नंतरच असतं. इंजिन बसवायचं, तोफ बसवायची, खोल्या करायच्या. एकेका कप्प्यात पाणी भरून कुठून झिरपतं का ते बघायचं. तपासनीस लहान हातोडीनं एकेक रिबिट वाजवून ऐकायचा. बद्द वाजलं की त्यावर खडूची खूण, आणि ते काढून नवं मारायचं. ह्यांच्या जोडीच्या कामावर खुणा पडल्या होत्या का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पडल्या की. कुनाच्या पडत न्हाईत?"

उन्हाळ्याच्या तोंडाला निरोप आला: बोट आरमाराच्या ताब्यात देणार, गोदीतल्या कामगारांना घरची माणसं आणायची परवानगी आहे. आत्याबाईंनी आयुष्यात नगरपलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. मामंजी गेल्यापासून ज्याला हात लावला नव्हता, तो हळदीकुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊन त्या तयार बसल्या. आम्हा दोघींना एकट्या पाठवायचं कसं म्हणून भाऊजी बरोबर यायला निघाले. "मी तुम्हाला गोदीच्या दारापर्यंत पोचवीन," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "साहेबाच्या झेंड्यासमोर मी उभा राहणार नाही." मनमाडला गाडी बदलून आम्ही मुंबईला पोचलो.

भाऊजी शब्दाला जागले. दाराबाहेर एका झाडाखाली वर्तमानपत्र उघडून बसले. आम्ही आत गेलो.

आणि मी समुद्र बघायच्या आधी बोट बघितली. धक्क्याला लागून उभी होती, राखी रंगाची, पुढं एक तोफ, मध्ये धुराडं. माझ्या मनातल्यापेक्षा ती लहान होती. कारखान्याच्या गोडाऊनपेक्षा थोडी लांब, एवढीच. पण तिच्या अंगावरचा एकेक पत्रा सरळ बसलेला बघून मला ती फार देखणी वाटली.

पांढऱ्या कपड्यांतले खलाशी ओळीनं उभे होते. त्यांच्यात पंजाबी होते, मद्राशी होते, कोकणातले तर पुष्कळ. कप्तानानं कागद वाचला, पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. शिट्टी वाजली, झेंडा चढला, सगळे ताठ झाले. हे आमच्या शेजारी धुतलेल्या सदऱ्यात उभे होते. मी हळूच विचारलं, "आता काय झालं?"

"आता ती आरमाराची झाली," हे म्हणाले. "काल मी तिच्यावर चपला घालून हिंडत हुतो. आता इचारून चढावं लागंल."

बोटीला नाव दिलं होतं हिंदुस्थानातल्याच एका शहराचं. आत्याबाईंनी विचारलं, नगरचं का नाही दिलं? चाचा म्हणाले, पुढच्या बोटीला देतील, आये.

नंतर चहा आणि नानकटाई झाली आणि घरच्या माणसांना थोडा वेळ वर जाऊ दिलं. शिडीपाशी आत्याबाईंनी करंडा उघडला तसा पहाऱ्यावरचा खलाशी पुढं आला. आम्ही घाबरलो. पण तो मालवणकडचा होता. इकडंतिकडं बघून हलकेच म्हणाला, "आजी, रंगाक लावू नको, सायब ओरडात. हय शिडीच्या लाकडाक लाव. नारळ माझ्याकडे दे, आम्ही सुटल्यावर समुद्राक देऊ." आत्याबाईंनी लाकडाला हळदकुंकू लावलं आणि त्याच्याही कपाळाला लावलं. तो दिवसभर तसाच पहाऱ्यावर उभा राहिला की पुसून टाकलं, ठाऊक नाही.

वर गेल्यावर त्यांनी लेकाला विचारलं, "तुजी रिबिटं कंची?"

हे चाचांकडं बघून हसले. "आई, रंगाखाली काय दिसतंय? आन माजी निम्मी तर पान्याखाली हायेत."

"मंग कोन बघनार?"

"बगायची गरजच पडली न्हाई म्हंजी बरं."

त्यांनी कठड्याखालच्या पत्र्यावरून हात फिरवला. रंगाखाली गोल टेंगळं लागत होती, ओळीनं. बराच वेळ त्या हात फिरवत राहिल्या, शेवटी मागच्या बायका खोळंबल्या म्हणून मी त्यांना पुढं नेलं.

बाहेर आलो तर चाचा आमच्या आधीच भाऊजींकडं पोचले होते. चाचांनी आतून आणलेली नानकटाई खात दोघं झाडाखाली बशीतून चहा पीत होते. भाऊजींनी ह्यांच्याकडं न बघता मला विचारलं, "वहिनी, दादाचं काम नीट झालंय का?"

"लई नीट झालंय," मी म्हणाले.

"मग ठीक," ते म्हणाले, आणि उरलेली नानकटाई ह्यांच्या हातात ठेवली.

चार दिवसांनी परतायचं होतं. ह्यांना पुढच्या बोटीवर काम मिळालं होतं. माझं बोचकं बांधून झालं होतं. स्टेशनवर आत्याबाई गाडीत बसल्या, आणि मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्यांनी माझं बोचकं खिडकीतून परत बाहेर दिलं.

"तू हितंच ऱ्हा," त्या म्हणाल्या. "खानावळीचं खाऊन वाळलाय त्यो. म्या बगितलं न्हाई व्हय?"

"आत्याबाई, आन तुमी? घरात एकट्या?"

"एकटी कशी? मास्तर हाय की घरात. त्येला कुटं बोटी बांधायच्यात?"

भाऊजी हसले. हे इतके गडबडले की गाडीबरोबर चालत दुसऱ्या माणसाच्या पायावर पाय देत गेले.

मग लढाई संपेपर्यंत मी मुंबईत राहिले. माझगावच्या एका चाळीत एक खोली, रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडकीला काळा कागद लावलेला, पाणी खालून आणायचं. गावाकडची माणसं विचारायची, कशी राहिलीस तू तिथं? मला ते दिवस सुखाचेच आठवतात. ज्वारीचं पीठ आत्याबाई येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवायच्या. चाचांची बायको पुढच्या वर्षी आली आणि तिनं मला मासे साफ करायला शिकवलं. खायला मला फार उशिरा जमले.

आमची बोट एकदा दुरुस्तीला आली होती. खूप हिंडून, बऱ्याच मालाच्या बोटी सांभाळून नेऊन. हे कामावरून सुटल्यावर मुद्दाम तिच्याकडं जाऊन आले. मी भाकरी थापत होते. आत आल्या आल्या मोठ्यानं म्हणाले, "आतनं हिंडून आलो. पान्याचा टिपूस न्हाई कुटं!"

शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, "काय गं, भांडण झालं का?"

"न्हाई वो," मी म्हणाले, "कामावरनं आलेत."