नंदाची तिरकी खुर्ची

माझी धाकटी बहीण नंदा गेली तेव्हा टीव्हीवर बास्केटबॉलची मॅच चालू होती. रविवारची संध्याकाळ होती. माझी नात इरा युरोपातल्या एका थंड गावात व्यावसायिक संघातून खेळते, तिकडे तेव्हा दुपार असते. नंदा तिच्या वेताच्या खुर्चीत उशांना टेकून बसली होती. हृदय थकलेलं, दोन वाक्यं बोलली की दम लागायचा. मी पडद्यावर इरा शोधत होते. बॉल इकडून तिकडे, कॅमेरा बॉलच्या मागे, आणि इरा कुठेच नाही. "नंदा, ती दिसत नाही गं. बाहेर तर बसवली नाही ना? पाय तर मुरगळला नाही?" नंदाने डोळेही उघडले नाहीत. "बॉल कुठे आहे?" मी म्हटलं, डाव्या बाजूला. "मग ती उजव्या कोपऱ्यात असणार. दिसत नाही म्हणजे जागेवर आहे, ताई. तू पेज आण जा." मी स्वयंपाकघरात गेले, पेज गरम केली, मीठ घातलं. परत आले तेव्हा मॅच तशीच चालू होती, आणि नंदाची मान पडद्याकडे नव्हती, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलेली होती…

तेव्हापासून एक विचार मला सोडत नाही. तिने मला हाक मारली असेल का? मॅचचा गोंगाट होता, गॅस चालू होता, आणि मला अलीकडे एका कानाने कमी ऐकू येतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी स्वभावाने काळजी करणारी बाई. महाडच्या कॉलेजात इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण परीक्षेच्या दिवशी मुलांपेक्षा माझेच हात गार पडायचे. हे मी दूर असलेल्या माझ्या नातवंडांसाठी लिहिते आहे. त्यांना नंदाआजी सुट्टीपुरती माहीत आहे. इतरांनी वाचलं तर आनंदच आहे.

नंदा पोलादपूरला शाळेत पी.टी. शिकवायची. रोज महाडहून एस.टी.ने जाऊन येऊन. आमच्या घरात मुलीने बी.ए. व्हावं, बँकेत लागावं, असा सरळ हिशेब होता. ही चड्डी-टीशर्ट घालून शिट्टी वाजवणार म्हटल्यावर आई महिनाभर नीट जेवली नव्हती. नंदाने लग्न केलं नाही. जवळच एका खोलीत राहायची, रात्री जेवायला माझ्याकडे. शाळेच्या मागे सिमेंटचं एक मैदान होतं, त्यावर दोन गंजके खांब. तिथे तिने मुलींना बास्केटबॉल शिकवायला सुरुवात केली. पावसाळ्यात घाट बंद पडला, एस.टी. उशिरा आली की मी खिडकीत उभी राहायची. ती आल्यावर म्हणायची, "ताई, तू उभी राहिलीस म्हणून गाडी लवकर येते का?" आणि मग हात धुऊन जेवायला बसायची. मला राग यायचा. माझ्या काळजीला तिने कधी मानच दिला नाही, असं वाटायचं.

तिच्या मुली बहुतेक डोंगरातल्या, कुडपणच्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या. पाय काटक, दम भरपूर, पण बॉल दिसला की पाचही जणी त्याच्यामागे. खेळ नीट समजावा म्हणून सांगते. बास्केटबॉलमध्ये एका वेळी एकीच्याच हातात बॉल असतो. उरलेल्या चौघींनी काय करायचं, यावर सगळा खेळ उभा असतो. त्या जवळ जवळ आल्या तर त्यांना राखणाऱ्याही जवळ येतात, सगळी गर्दी बास्केटच्या खाली, आणि बॉल असलेलीला वाटच राहत नाही. दूर, पसरून उभ्या राहिल्या तर मधे मोकळी जागा तयार होते. याला स्पेसिंग म्हणतात. नंदाने मुलींना तो शब्द सांगितला नाही. एका उन्हाळ्यात मी गच्चीत पापड घालत होते तेव्हा ती दोघी-तिघींना घेऊन आली आणि म्हणाली, "बघा. हे दोन चिकटलेत. वाळतील का?" त्यांतली संगी नावाची मुलगी फटकळ होती. ती म्हणाली, "बाई, आमी काय पापड हाव?" नंदा म्हणाली, "पापडच. चिकटलात की वाया गेलात." मुली हसल्या, आणि जाताना माझे ओले पापड पण खाऊन गेल्या.

हल्ल्यात पसरणं त्या शिकल्या. बचावात मात्र अडलं. महाडच्या मैदानावर एक स्पर्धा होती. मीही पाहायला गेले होते. समोरच्या संघातली एक धिप्पाड मुलगी बॉल घेऊन आत घुसली की आपली मुलगी ओरडायची, "आली गो, आली!" आणि ते ऐकताच बाकीच्या चौघी आपापली राखायची मुलगी सोडून तिकडे धावायच्या. मग ती धिप्पाड मुलगी शांतपणे बॉल कोपऱ्यात फेकायची. तिथे एक किडकिडीत, चष्मेवाली मुलगी एकटीच उभी असायची. ती आरामात बास्केट करायची. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी प्रेक्षकांतून ओरडत होते, "कोपरा बघा गं, कोपरा!" माझा घसा बसला. नंदा बाकावरून नुसती पाहत होती.

सामना हरून परत येताना ती संगीला म्हणाली, "आपली जागा सोडून का पळतेस? शंभरदा सांगितलं ना?" संगीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ तशीच. "बाई, कोणी वरडलं तर उभं कसं ऱ्हायाचं? लाज नाय वाटनार?" पुढच्या रविवारी ती कुडपणला गेली. मला म्हणाली, मुलींच्या घरी भेटून येते. तिथे तिने पाहिलं ते असं. वाड्या एकमेकींपासून लांब, मधे दऱ्या. कुणाचं जनावर कड्यावरून घसरलं, कुणाला साप चावला, तर या टोकाहून कुकारा घालायचा, म्हणजे लांब, उंच हाक द्यायची. ती ऐकली की हातातलं काम टाकून सगळं गाव धावतं. तवा चुलीवर तसाच. जो धावत नाही त्याचं नाव पुढे वर्षभर निघतं. या मुली त्याच सवयीने मैदानात धावत होत्या. नंदा परत आली आणि पायऱ्यांवर बसून म्हणाली, "ताई, मी त्यांना माणुसकी सोडायला सांगत होते गं."

तिने शोधलेली युक्ती साधी होती. हाक आली की जागा सोडायची नाही, पण गप्पही राहायचं नाही. आपण कुठे आहोत ते ओरडून सांगायचं. "मागं हाय!" "उजवीला हाय!" बॉल अडवणाऱ्या मुलीला कळलं की पाठीमागे कुणीतरी आहे, की ती घाबरत नाही, आणि मग बाकीच्यांना धावावं लागत नाही. जिच्या शेजारून बॉलवाली घुसेल तिनेच फक्त सरकायचं, आणि तिची जागा पुढचीने घ्यायची. आणि बॉलपासून लांब असलेलीने कसं उभं राहायचं, तेही तिने शिकवलं. तिरकं. एक हात बॉलकडे, दुसरा हात आपण राखतोय त्या मुलीकडे. मान न वळवता दोन्ही दिसायला हवं. मुलींना हा प्रकार फार विनोदी वाटायचा. एस.टी. स्टँडवरही तशाच हात पसरून उभ्या राहायच्या आणि कंडक्टर ओरडायचा, "ए, तुमच्यासाठी काय विमान येणाराय?"

इरा लहानपणी सुट्टीत यायची ती याच मैदानावर वाढली. पुढे ती परदेशी शिकायला गेली आणि तिथेच व्यावसायिक खेळाडू झाली. फार मोठं नाव नाही. तिच्या खात्यावर गुण कमी असतात. सुरुवातीला मी नंदाशी वाद घालायची, "तिला बॉल देतच नाहीत. त्या गोऱ्या पोरी आपसातच खेळतात." नंदा मला पडद्यावर बोट ठेवून दाखवायची. इरा कोपऱ्यात उभी. तिची नेमबाजी चांगली, म्हणून तिला राखणारी मुलगी तिला सोडू शकत नाही. ती मुलगी तिथे अडकली, म्हणून बास्केटखाली एक माणूस कमी, म्हणून दुसरी कुणी आत शिरू शकते. "बास्केट तिच्या नावावर लिहीत नाहीत एवढंच," नंदा म्हणायची. मला ते पटायचं आणि तरी काळजी सुटायची नाही. करार दर हंगामाला नवा. ज्याच्या नावावर काही लिहिलं जात नाही, त्याला कोण ठेवून घेणार?

नंदाचं दुखणं वाढलं ते नेमकं हंगामाच्या शेवटी. संघाचे मोजकेच सामने उरले होते, आणि त्यांवर इराचं पुढचं वर्ष ठरणार होतं. नंदाने मला बजावलं, "तिला सांगायचं नाही. ती सगळं टाकून पळत येईल. रक्तच तसलं." मी हो म्हटलं. मग रोज फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. इरा विचारायची, "नंदाआजी कशी आहे?" मी म्हणायची, "झोपली आहे." न सांगावं तर उद्या काय तोंड दाखवू? सांगावं आणि ती निघून आली, तर पोरीची सगळी मेहनत पाण्यात. शेवटी एका दुपारी भाजी निवडताना मला आठवलं, नंदाने मुलींना गप्प राहायला कधीच शिकवलं नव्हतं. मी विळी बाजूला ठेवली आणि फोन लावला. म्हटलं, "इरा, नंदाआजी बरी नाही. फार बरी नाही. पण तू येऊ नकोस. मी आहे इथे." ती म्हणाली, "आजी, मी रोज फोन करते. तू तिला उचलायला सांग."

नंदाला कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली. चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी इराचा फोन आला, दोघींनी कुठल्याशा बचावाच्या डावपेचावर वाद घातला, आणि फोन ठेवल्यावर नंदा म्हणाली, "ताई, तू बोललीस ते बरं केलंस. पण शिट्टी माझी आहे, विसरू नकोस." त्यानंतर रोज फोन. आणि मग तो रविवार.

इरा आली नाही. यायला निघाली होती, मीच थांबवलं. भेटायला आलेल्या बायकांत एकीने विचारलंच, "एवढा जीव लावला तिने, आणि नातीला दोन दिवस काढता आले नाहीत?" मी चहाचे कप गोळा करत होते. संगी कोपऱ्यातून उठली. ती आता महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, शिफ्ट बदलून आली होती. म्हणाली, "काकू, आमच्या बाईंनी ज्याला जागा दिली त्यानं ती सोडायची नाय, असं शिकवलंन. तुमी बसा." ती बाई बसली. पण प्रश्न माझ्या मनात बसला नाही. मी बरोबर केलं का? आणि त्या संध्याकाळी नंदा दाराकडे पाहत होती ती काय मागत होती?

पुढच्या रविवारी इराचा शेवटचा सामना होता. घर आवरताना मी नंदाची वेताची खुर्ची टीव्हीसमोर सरळ लावून ठेवली होती. ती कायम तिरकी असायची. वर्षानुवर्षं मी ती सरळ करायची आणि नंदा पुन्हा तिरकी करायची. मला वाटायचं, हिला मुद्दाम माझी घडी मोडायची असते. त्या दिवशी टीव्हीवर खिडकीतलं ऊन येत होतं, काही दिसेना, म्हणून मी खुर्ची फिरवली. पाय जमिनीवरच्या जुन्या चार ओरखड्यांत आपोआप बसले. मी त्यात बसले.

मॅच चालू झाली. इरा दिसेना. मी घाबरले, मग बॉल कुठे आहे ते पाहिलं, आणि जरा थांबले. उत्तरार्धात समोरच्या संघाची एक मुलगी आत घुसली, इराच्या बाजूची एक सोबतीण घाबरून धावली, मागे समोरच्या संघाच्या दोघी मोकळ्या राहिल्या. त्या दोघींच्या मधे इरा एकटी, हात पसरून, तिरकी. आणि टीव्हीच्या त्या गोंगाटातून मला स्पष्ट ऐकू आलं, "मागं हाय! मागं हाय!" तिथे कुणाला काय कळणार! बॉल आला आणि तिने तो अडवला. माझ्या तोंडून हाक निघाली, "नंदा!" आणि सवयीने मी मान फिरवायला गेले.

फिरवावी लागली नाही. त्या खुर्चीतून एका डोळ्याच्या कडेला टीव्ही होता, आणि दुसऱ्या कडेला स्वयंपाकघराचं दार, दारातून ओटा, गॅस, आणि ओट्यापाशी मी जिथे उभी राहते ती फरशी. काही वर्षांपूर्वी तिथेच मला चक्कर येऊन मी पडले होते. नंदा त्यानंतर लगेच माझ्याकडे राहायला आली. खुर्ची तेव्हापासूनच तिरकी.

इराचा करार एका वर्षाने वाढला, असं तिने परवा कळवलं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ती सुट्टीत येईल तेव्हा तिला त्या खुर्चीत बसवून मी पेज करायला जाणार आहे. मोलकरणीला सांगून ठेवलं आहे, केर काढताना खुर्ची हलली तर चालेल, पण पाय पुन्हा त्या ओरखड्यांतच ठेव. आणि स्वयंपाकघरात असले की मी अधूनमधून, उगाचच, जरा मोठ्याने म्हणते… "आहे गं, इथेच आहे."