सुशीलदादाच्या वेबसाईटवर कोणी राहून जात नाही

सुशीलदादा माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा बराच मोठा, स्वभावाने गरीब गाय, आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप. हे मी कौतुकाने म्हणत नाहीये. ज्याला कौतुक वाटत असेल त्याने त्याची वेबसाईट बनवून बघावी.

मी शहरातल्या सदर भागात एका छोट्या ऑफिसात वेबसाईटची डिझाईन्स करते. नात्यागोत्यात त्याचा अर्थ एवढाच, की अश्लेषा कम्प्युटरवर बसते, आणि बसलीच आहे तर आपलंही काम करून देईल. पत्रिका, बारशाचं आमंत्रण, कोणाच्या तरी दुकानाचा बोर्ड, सगळं माझ्या गळ्यात. त्यामुळे मावशीने आईला फोन केला आणि आईने मला, तेव्हाच मी समजले की आपला आठवडा गेला.

दादा मूळचा खाप्याचा. तिथली शेती मोठा भाऊ पाहतो. दादा शहराच्या टोकाला वाडीला राहतो, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत, दिपालीवहिनीसोबत. खाली दिवसभर ट्रक मागे-पुढे होत असतात, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलायची सवय लागली आहे. लग्नसराईत तो लग्नाचे फोटो काढतो आणि लग्नसराई संपली की कबड्डीचे. लग्नांवर घर चालतं. कबड्डीचे फोटो तो बहुतेक वेळा चहावर काढून येतो. नव्या मोटरसायकलसाठी ठेवलेल्या पैशांतून त्याने एक लांबलचक लेन्स आणली आणि त्या दिवसापासून वहिनी त्या लेन्सला सवत म्हणते.

या वर्षी वहिनीने शेवटचं सांगून टाकलं होतं. मुलींची एक नवी कबड्डी लीग सुरू होत होती आणि तिला अख्ख्या हंगामासाठी फोटोग्राफर हवा होता. ते काम मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर लेन्स विकायची, लग्नांसाठी ड्रोन घ्यायचा आणि कबड्डीचं नाव काढायचं नाही. दादा कबूल झाला होता. लीगचं काम पाहणाऱ्या प्रीती मॅडम पुण्याच्या. त्यांनी सांगितलं, तुमच्या कामाची लिंक पाठवा, रविवारी ठरवू.

मी डोकं लावून सोपी वेबसाईट काढली. उघडली की एक मोठा फोटो. बोट सरकवलं की पुढचा. शेवटी नाव, दादाचा नंबर, आणि तो लग्नात असला की फोन उचलत नाही म्हणून खाली ‘बहीण’ असं लिहून माझाही नंबर. बस. बघणारी बाई भर उन्हात मैदानावर उभी असणार, तिला शोधाशोध करायला लावायची नाही, एवढं साधं गणित.

"दादा, तुझे सगळ्यात चांगले वीसेक फोटो आण," मी म्हटलं.

त्याने पेनड्राइव्ह आणला. त्यात किती फोटो होते ते मोजताना कम्प्युटरलाही धाप लागली. चढाया होत्या, पकडी होत्या, त्यातल्या काही खरंच झकास होत्या. पण त्यांच्या मागेपुढे मैदानावर पाणी मारणारा माणूस, पंच, माईकवाला, पाहुण्यांचे हारतुरे, खुर्च्या उचलणारी मंडळी. एका फोटोत एक म्हातारे गृहस्थ वाकून चुन्याची रेषा मारत होते.

"हे कोण?"

"चंद्रभानजी. लाइन त्यायनंच मारली होती ना वं."

"मग? मॅडमला चुना बघायचाय का गा?"

"त्यायचा फोटो राह्यला तर पुढच्या वर्षी कोणत्या तोंडानं जाऊ मी तिथं?"

इथे मला दादाचा रोग सांगायला हवा. आमच्याकडे लग्नाचा अल्बम म्हणजे पंगत असते, कोणी उपाशी उठता कामा नये. नवरीच्या चुलत आत्याचा फोटो राहिला तर ती पुढच्या कार्याला येत नाही, आणि आली तरी जेवत नाही. दादा याच शाळेत शिकला. आणि त्याला हा धडा शिकवला मी, असं अख्खं घर म्हणतं. माझ्या मोठ्या बहिणीच्या, सुरुचीताईच्या लग्नाचा अल्बम हे दादाचं पहिलं काम. मी तेव्हा फ्रॉकातली. अल्बम आला, सगळ्यांनी पाहिला, आणि त्यात मी एकाही फोटोत नव्हते. मी जमिनीवर लोळण घेतली आणि जेवायचं नाकारलं. आईने दादाला फाडून खाल्लं. "घरच्या लेकराले सोडलं तुनं?" तेव्हापासून दादाच्या फोटोतून कोणी सुटत नाही. ही गोष्ट प्रत्येक कार्यात कोणीतरी सांगतंच, आणि मला ती ऐकून वीट आला आहे.

तरी मी रेटून वीस फोटो लावले आणि चूक ही केली की पासवर्ड त्याला दिला. त्याने लिंक आधी खाप्याला पाठवली. झालं! आमच्या पोरीचा फोटो काहून नाही, असे फोन सुरू झाले. दादा कोणाला नाही म्हणू शकत नाही. शनिवारी सकाळी मी वेबसाईट उघडली तर ती उघडेपर्यंत माझा चहा संपला. आणि उघडली तेव्हा सगळ्यात वर एका पाहुण्यांचा शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो. चढाया कुठे खाली, खुर्च्यांच्याही खाली.

थोड्या वेळाने दादा स्वतःच ऑफिसात आला. गळ्यात कॅमेरा, चेहरा उतरलेला. त्याने फोन माझ्यापुढे धरला. प्रीती मॅडमचा मेसेज होता: लिंक उघडत नाही, उद्या दुपारी पुन्हा पाहीन, नंतर पाहणार नाही.

मग माझा तोल गेला. मी उभी राहिले आणि ओरडले. शेजारच्या ऑफिसातली माणसं दारात आली. "ही वेबसाईट आहे का तेरवीचं जेवण? गावच्या गाव बोलावलं तू! उद्या लेन्स जाईल, मग त्या शालवाल्या पाहुण्याचे फोटो काढत बस ड्रोनमधून!" असं बरंच. दादा खाली मान घालून गळ्यातल्या कॅमेऱ्याशी चाळा करत होता. तो रागावतही नाही, त्यामुळे समोरच्याला आणखी चेव येतो.

"बरं," शेवटी तो म्हणाला, "काढ तुले काढाचे ते."

काढायला बसलो. प्रत्येक फोटो गेला की तो असा उसासा टाकायचा जणू मी माणसालाच घराबाहेर काढलं. पाहुणे गेले, खुर्च्या गेल्या. चंद्रभानजी गेले तेव्हा त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग एक बाकावरची मुलगी आली. राखीव खेळाडू. पुढे धावणाऱ्या पायांची नुसती धूसर गर्दी, आणि मागे ही बाकावरून अर्धवट उठलेली, मुठी आवळलेल्या.

"ही तर खेळलीच नाही," मी म्हटलं.

"उन्नती आहे ते. पूर्ण स्पर्धेत नाही उतरवलं तिले. दुसऱ्यायचे नी-कॅप बांधून राहिली होती."

"मग काढू?"

"नाही." एवढ्या वेळात तो पहिल्यांदा ठाम बोलला. "हे राहीन. अन् शेवटची एक जागा माही. त्यात काय टाकाचं ते मी पाहीन, तू बोलाचं नाही."

फोटो आवडला म्हणून नाही, मी थकले होते म्हणून दोन्ही कबूल केलं. शेवटच्या जागेत तो नक्की चंद्रभानजींना परत आणणार, हे मी धरूनच चालले. एका फोटोने वेबसाईट अडत नाही.

रविवारी दादा एका लग्नात होता. दुपारी माझा फोन वाजला. प्रीती मॅडम.

"तुमच्या भावाचा फोन लागत नाहीये. आज लिंक चटकन उघडली, मैदानावरूनच पाहिली. खरं सांगू, चढायांचे फोटो सगळ्यांनी पाठवलेत आणि सगळ्यांचे सारखेच वाटायला लागतात. पण ती बाकावरची मुलगी! तिच्याकडे कॅमेरा फिरवणारा माणूस आम्हाला हवाय. हंगाम त्यांना देतोय, कळवा त्यांना."

मी हो म्हणाले.

"आणि शेवटच्या फोटोतली कोणत्या संघाची हो? काय आवेश आहे! प्रशिक्षक आहे का?"

मी समोरच्या कम्प्युटरवर पान खाली सरकवलं. शेवटच्या जागेत चंद्रभानजी नव्हते. मी होते. क्लिपमधून निसटलेले केस, उगारलेला हात, वासलेलं तोंड, मागे आमच्या ऑफिसची ट्यूबलाइट आणि भिंतीवरचं कॅलेंडर. खाली, मोबाईलवर दिसणारही नाही अशा बारीक अक्षरात, दादाने लिहिलं होतं: अश्लेषा, वेबसाईट हिनं बनवली. तो कॅमेऱ्याशी चाळा करत होता तेव्हाच त्याने हा काढला होता. माझ्या ओरडण्यात मला क्लिकसुद्धा ऐकू आला नव्हता.

"आमच्याच संघाची आहे, मॅडम," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दादाने कितीतरी वेळाने फोन उचलला. मागे बँड वाजत होता. काम मिळालं, हे मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"लेन्स राह्यली वं, अशू," तो म्हणाला. "दिपालीले सांगतो पहिले."

"सांग. आणि तो माझा फोटो काढ आधी. अवतार दिसतोय माझा, जगभर दाखवतोयस!"

"नाही काढत."

"काहून?"

"तवा सोडलं होतं तुले. आता नाही." आणि लगेच, "अन् त्या चंद्रभानजीचं पाह्य ना वं काई, एक छोटासा..."

मी फोन कापला. या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. पासवर्ड माझ्याकडेही आहे, तो फोटो काढायला क्षणही लागणार नाही. अजून काढलेला नाही. आईला तेवढी लिंक पाठवली आहे.